दहा नंबर काढायचा की ठेवायचा?

तेरच्या एका पतसंस्थेत यंदा नवा सर्व्हर आला. जुन्याचा आयपी पत्ता होता १९२.१६८.१.१०, नव्याला दिला १९२.१६८.१.२०. जुना बंद केल्यावर काउंटरवरचे सगळे संगणक दहालाच शोधत बसले, कारण खात्यांच्या प्रोग्रॅममध्ये तोच आकडा बसवलेला. संस्थेची यंत्रं सांभाळणाऱ्या मामांनी मग कुणीही करेल तेच केलं. नव्या सर्व्हरच्या त्याच नेटवर्क कार्डावर दहा नंबरही चढवला. एक कार्ड, एक केबल, दोन पत्ते. पुढे पासबुक छपाईसाठी तीस नंबरही आला. काउंटर सुरू झाले, आणि त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी कुठे ना कुठे काहीतरी अडायला लागलं.

मामा हे अख्ख्या गावाचे मामा. त्यांची सख्खी भाची पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळ्या करते. गोरोबाकाकांच्या यात्रेला ती गावी आली होती. मी संस्थेच्या संचालक मंडळावर आहे, म्हणजे सर्व्हरच्या बिलावर सही करणाऱ्यांतला. दोघांचं जुंपलं तेव्हा तिथेच बसलेलो होतो.

मामा : आता तूच सांग माय. दहाला पिंग लागतंय, वीसला लागतंय, तीसला लागतंय. काउंटर चालू हायत. मग बँकेकडं जाणाऱ्या एनईएफटीच्या विनंत्याच कामून परत यायल्यात?

भाची : पिंग कुठून केलंत?

मामा : कुठून म्हणजे? सर्व्हरवरूनच.

भाची : मग त्यातून काहीच कळलं नाही, मामा. स्वतःच्याच पत्त्याला पिंग केलं की लिनक्स आतल्या आत उत्तर देऊन मोकळं होतं. कार्ड, केबल, स्विच यांची त्यात परीक्षाच होत नाही.

मामा : बरं, काउंटरवरून केलं. तरी लागतंय.

भाची : लागणारच. तो आत यायचा रस्ता झाला. बँकेच्या फायरवॉलमध्ये आपला कुठला पत्ता नोंदवलाय?

मामा : दहा. जुन्या सर्व्हरचा.

भाची : आणि आपला सर्व्हर बँकेकडं निघतो कुठला पत्ता लावून?

मामा : तिन्ही त्याचेच की!

भाची : तिन्ही त्याचे. पण पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता एकच मावतो.

तिने कीबोर्ड ओढला, 'आयपी राउट गेट' लिहिलं आणि पुढे बँकेच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. एका ओळीत उत्तर आलं : गेटवे १९२.१६८.१.१, कार्डाचं नाव, आणि शेवटी 'एसआरसी १९२.१६८.१.२०'. मामा चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ वाचत राहिले. सर्व्हर बँकेचं दार वीस नंबर सांगून ठोठावत होता आणि तिथला दरबान यादीत दहा शोधत होता.

हा मुद्दा मला नीट समजून घ्यावासा वाटला, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच होतं. काउंटरवरून कुणी दहाला हाक मारली तर उत्तर दहाच्याच नावाने जातं, त्यामुळे आत येणाऱ्याला कधी शंका येत नाही. सर्व्हर स्वतःहून कुणाकडे निघाला की मात्र पत्ता निवडावा लागतो, आणि तो आपण सांगितला नाही तर यंत्र आपल्या नियमाने निवडतं. तेव्हा अशा ठिकाणी काही बिघडलं की आधी एवढंच विचारायचं : अडतंय ते आत येताना की बाहेर जाताना? ते विचारलं असतं तर मामांचा सबंध आठवडा वाचला असता, असं भाची म्हणाली. मामांना ते आवडलं नाही.

मामा : मग सोपंय. वीस काढतो, दहा पहिला लावतो, वीस मागनं लावतो. पहिला असतो तोच बाहेर पडतो ना?

भाची : एकाच सबनेटमधले असतील तर लिनक्सवर साधारण तसंच. पहिला तो प्रायमरी, बाकीचे सेकंडरी. पण चालू सर्व्हरवर प्रायमरी काढायला जाऊ नका. कर्नलची मूळ सवय अशी की प्रायमरी गेला की त्याच्याबरोबर त्या सबनेटचे सगळे सेकंडरीही जातात. 'प्रमोट सेकंडरीज' नावाची सेटिंग एकवर असेल तर पुढचा वर चढतो. आजकालच्या बहुतेक लिनक्समध्ये ती चालूच येते, पण बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

मामा : विंडोजला असली भानगड नव्हती. सर्व्हर २००३ मध्ये यादीत वर असेल तो बाहेर पडायचा. सरळ काम.

भाची : ते २००३ पर्यंत. २००८ पासून विंडोज तुमची यादी बघतच नाही. गेटवेच्या आकड्याशी कुणाचे सुरुवातीचे बिट जास्त जुळतात ते बघतं. आपलंच घ्या. गेटवे एक. शेवटच्या आठ बिटांत दहाचे पहिले चार एकशी जुळतात, वीसचे तीनच. विंडोज असतं तर न सांगता दहा निवडला असता आणि तुम्हाला वाटलं असतं, आपलं बरोबर आहे. उद्या कुणी पाच नंबर चढवला की त्याचे पाच बिट जुळले आणि बँक पुन्हा बंद. म्हणून तिथे पत्ता देतानाच 'स्किप अ‍ॅज सोर्स' सांगून ठेवतात, म्हणजे तो पत्ता ऐकतो, स्वतःहून बोलत नाही.

मामा : आणि इथं?

भाची : इथे बँकेच्या नेटवर्कपुरता वेगळा राउट टाकू, त्यात सोर्स दहा लिहू. बाकी सगळीकडे सर्व्हर वीसनेच जाईल.

ते काम दोन मिनिटांत झालं. विनंत्या जायला लागल्या. भाचीने लगेच विचारलं की हे सेटिंग कुठल्या फाइलमध्ये लिहिलं जातं, आणि मामा गप्प बसले. कारण दहा आणि तीस हे दोन्ही पत्ते त्यांनी थेट हुकूम देऊन चढवलेले, फाइलीत कुठेच नव्हते. असे पत्ते मशीन बंद होईपर्यंत टिकतात. आणि तेरमध्ये लाइट जाते. इन्व्हर्टरही दमतो.

मामा : त्यात काय. लाइट आली की मी पुन्हा चढवतो. पाठ झालंय मला.

भाची : गेल्या गुरुवारी लाइट कधी गेली होती?

मामा : दुपारी. यात्रेचा लोड असतो ना.

भाची : आणि पासबुक छपाई कधीपासून अडखळतेय?

मामा : ... गुरुवारपासनं. पण मी तीस नंबर चढवला होता की लगेच!

भाची : किती लगेच?

मामा : जेवून आलो आणि चढवला.

इथे भाचीने जे शोधून काढलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. काउंटरच्या एका लिनक्स मशीनवरून तिने 'आर्पिंग' चालवलं. पिंगसारखंच, पण ते विचारतं : हा आयपी कुणाचा, त्याने आपला मॅक पत्ता सांगावा. एआरपी म्हणतात तो हाच प्रकार, १९८२ सालचा, आणि तेव्हाइतकाच भोळा. जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास. तीस नंबरसाठी एका प्रश्नाला दोन उत्तरं आली, दोन वेगवेगळ्या मॅक पत्त्यांवरून. एक सर्व्हरच्या कार्डाचा. दुसऱ्यातला दुसरा आकडा 'ई' होता. भाची म्हणाली, हा मोबाइल. आजचे फोन वायफायला खरा मॅक दाखवत नाहीत, बनावट लावतात, आणि अशा बनावट पत्त्यात दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असतो.

झालं होतं असं : लाइट गेली, सर्व्हर बसला, पुन्हा उठला तेव्हा तीस नंबर त्याच्यावर नव्हता. संस्थेच्या राउटरला दोनपासून दोनशेचौपन्नपर्यंतचे सगळे पत्ते वाटायची मुभा. यात्रेसाठी आलेल्या कुणाच्या तरी पाहुण्याला वायफायचा पासवर्ड कुणी तरी दिलेला. राउटरने तीस मोकळा बघितला आणि त्या फोनला देऊन टाकला. मामा जेवून आले, त्यांनी तीस चढवला. आणि हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे लिनक्स आयपी चढवताना विचारत नाही. आपल्याला विचारायचं असेल तर 'आर्पिंग'ला 'डी' जोडून आधी विचारावं लागतं. मग ज्या काउंटरला फोनचं उत्तर आधी मिळालं त्याची छपाई फोनकडे. फोनवाला चहाला बाहेर गेला की सगळं आपोआप सुरळीत. मामा गुरुवारपासून प्रिंटरची रिबन बदलत होते.

मामा : म्हणजे एका कार्डावर दोन-तीन पत्ते ठेवणं हेच चूक, असं म्हणायचंय तुला.

भाची : असं मी कुठं म्हटलं? आमच्याकडे एकेका कार्डावर कित्येक असतात. आयपी व्ही सहामध्ये तर एका कार्डाला दोन-तीन पत्ते असणं हाच नियम. माझी तक्रार एवढीच की आपल्याकडे कुठला पत्ता कशासाठी, हे फक्त तुमच्या डोक्यात आहे.

मामा : डोकं जागेवर हाय अजून.

भाची : जेवायला गेलं होतं ना गुरुवारी.

(याला मामा हसले. मी मात्र मंडळाच्या पुढच्या सभेत हे कसं मांडायचं याच्या विचारात पडलो.)

दोघांनी मिळून नेटप्लॅनच्या फाइलीत तिन्ही पत्ते आणि बँकेचा राउट लिहिला. भाचीने 'नेटप्लॅन ट्राय' वापरायला लावलं. त्यात दोन मिनिटांच्या आत होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत येतं, म्हणजे दुरून काम करताना आपणच आपल्याला बाहेर कोंडत नाही. राउटरला शंभरच्या पुढचेच पत्ते वाटायला सांगितलं. एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. वाद पेटला तो ढोकीच्या शाखेवरून.

मामा : ढोकीला पहिल्या दिवशी दहा लागत नव्हता, इथं लागत होता. मी इथं सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, दुपारनंतर तिथंही लागला. ते माझ्या रिस्टार्टनंच झालं का नाही?

भाची : नाही, मामा. ढोकी राउटरमधून येते. दहा म्हणजे जुन्या सर्व्हरचं कार्ड, हे राउटरनं एकदा लक्षात ठेवलं ते ठेवलं. काही राउटर मिनिटाभरात पुन्हा विचारतात. सिस्कोच्या राउटरचा ठरलेला काळ चार तास. दुपारपर्यंत त्याची आठवण संपली, त्यानं पुन्हा विचारलं, नव्या कार्डानं उत्तर दिलं. तुम्ही सर्व्हरला हात लावला नसता तरी लागला असता. पत्ता हलवल्यावर 'आर्पिंग'ला 'यू' जोडून सगळ्यांना एकदा ओरडून सांगायचं असतं की दहा आता माझ्याकडे.

मामा : बरं, आता ठाऊक झालं. आता सगळं चाललंय. मग तू परत परत दहा काढा, दहा काढा कामून करायलीस?

भाची : कारण दहा जुन्या मशीनचा. ते मशीन भंगारात गेलं. हे ओझं वाहायचं किती दिवस? नाव द्या, डीएनएसमध्ये टाका, सगळ्या मशीनवर नाव लिहा. उद्या सर्व्हर बदलला तर एका ठिकाणी बदल, बास.

मामा : नाव लिहा म्हणतीस? ये इकडं. लिहून दाखव.

मामांनी खात्यांच्या प्रोग्रॅमची सेटिंगची खिडकी उघडली. सर्व्हरच्या पत्त्यापुढे चार चौकोन, प्रत्येकात तीन आकडे मावतील एवढे, मधे टिंब आधीच छापलेलं. अक्षर टाइप केलं की बीप वाजतो. ज्यांनी हा प्रोग्रॅम बनवला त्यांचं दुकान कधीच बंद झालेलं, आणि संस्थेच्या सगळ्या ठेवी आणि कर्जं त्याच्यात. भाचीने एकदा 'एस' दाबून बघितलं. बीप वाजला.

माझ्या मते इथे मामांची बाजू भक्कम आहे, आणि पुण्याहून येणाऱ्या शहाण्यांनी ती ऐकायला हवी. जुना पत्ता नव्या यंत्रावर चढवणं ही आळशी माणसाची युक्ती नव्हे. जिथे सॉफ्टवेअर बदलता येत नाही तिथे तोच एक मार्ग असतो. मोठ्या जगानेही हेच केलंय, फक्त उलट्या कारणाने. एकेकाळी एका सर्व्हरवर चार सुरक्षित वेबसाइट ठेवायच्या तर चार आयपी लागायचे, कारण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला कुठली साइट हवी ते आधी सांगताच येत नव्हतं. बाकीचे ब्राउझर शिकले, तो शिकला नाही, आणि तो मरेपर्यंत लोकांनी पत्ते मोजले. तेही अशा काळात, जेव्हा आशियाच्या वाट्याचे आयपी पत्ते संपत आले होते. २०११ च्या एप्रिलमध्ये आपल्या भागाच्या नोंदणीसंस्थेने शेवटच्या साठ्याला हात घातला.

मामा : आणि पत्ता जुना म्हणून काढायचा असतो का? आपल्या तेरचंच बघ, जुन्या तगरचं. शिलाहार राज्य करायचे कोल्हापुरात आणि कोकणात. आणि बिरुद लावायचे तगरपुरवराधीश्वर. गाव मागं सुटलं, पत्ता सोडला नाही. चाललंच ना शेकडो वर्षं?

भाची : बिरुद चाललं. गाव सापडलं का? ग्रीक खलाशानं 'पेरिप्लस'मध्ये लिहून ठेवलं होतं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, तिथून गाड्यांनी भडोचला माल जातो. तरी एकोणिसाव्या शतकात सगळे शोधतायत. कुणी म्हणालं देवगिरी, कुणी जुन्नर. भांडारकरांसारख्या माणसानं धारूर सुचवलं. १९०१ मध्ये फ्लीटनं तेर म्हणून मांडलं. पत्ता सगळ्यांना तोंडपाठ, तो कुठं पोचतो ते कुणालाच ठाऊक नाही. तुमचा दहा नंबर तसाच होणार.

मामांच्या दृष्टान्ताने त्यांच्याच अंगावर उडी घेतली, हे त्यांनाही कळलं असावं. ते उठून पाणी प्यायले. लामतुरे वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताचं काम बघायला आलेल्या पाहुण्यांना हीच शिलाहारांची गोष्ट ते वर्षानुवर्षं सांगत आलेत, फक्त तिचा शेवट सोडून.

पाणी पिऊन आल्यावर मामांनी दुसरा विषय काढला. सीसीटीव्हीचे कॅमेरे १९२.१६८.५० मध्ये टाकायचे आणि सर्व्हरच्या याच कार्डाला पन्नासचाही एक पत्ता द्यायचा, म्हणजे कॅमेरे वेगळे राहतील. भाचीने याला साफ नकार दिला. एकाच केबलवर आणि एकाच साध्या स्विचवर दोन सबनेट म्हणजे वेगळेपण नव्हे. वायफायवरच्या कुठल्याही पोराने लॅपटॉपला पन्नासचा पत्ता दिला की तो कॅमेऱ्यांसमोर उभा. वेगळं करायचं तर व्हीलॅन, आणि त्यासाठी ते समजणारा स्विच. मामांनी स्विचची किंमत विचारली आणि माझ्याकडे पाहिलं. स्विच पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

भाची : एक करू. काढायचं की ठेवायचं हे आपण बोलून ठरवायचं नाही. दहाकडे नव्या जोडण्या कुठून येतात ते दिवसभर नोंदवू.

मामा : ते मी तोंडी सांगतो. काउंटर आणि ढोकी.

टीसीपीडंप लावून ठेवला. संध्याकाळी यादी बघितली. काउंटर होते. ढोकी होती. शिवाय सचिवांच्या संगणकावरून रोज दुपारी फायलींची नक्कल घेणारा कुणीतरी कधीतरी लिहिलेला प्रोग्रॅम होता. आणि आणखी एक पत्ता, ज्याचा मॅक कुठल्याच संगणकाशी जुळेना. दोघं केबल हातात धरून भिंतीभिंतीने गेले. ती दाराजवळच्या अंगठ्याच्या हजेरीयंत्रात शिरत होती.

मामा : बघ. काढला असता तर उद्या सगळ्यांची गैरहजेरी लागली असती.

भाची : आणि नोंद नसती तर ती कामून लागली हे कुणालाच कळलं नसतं. हजेरीयंत्रात नाव टाकता येतं, मी बघितलंय. नक्कल घेणाऱ्या प्रोग्रॅममध्येही येतं. ते दोन आज नावावर टाकू. काउंटर आणि ढोकी राहू देत दहावर, चार चौकोनांचा इलाज माझ्याकडे नाही. बँकेला मात्र पत्र द्या, वीस नोंदवा म्हणून.

मामा : बँकेला पत्र म्हणजे सचिवाची सही, अध्यक्षाची सही, मग त्यांचा फॉर्म.

भाची : मग?

मामा : ऑडिट होऊ दे. ऑडिटच्या टायमाला मी बँकेच्या रस्त्याला हात लावत नसतो.

भाचीने फाइलीत दहा नंबरच्या ओळीवर हॅशचं चिन्ह देऊन मराठीत लिहिलं : जुन्या सर्व्हरचा पत्ता, काउंटर, ढोकी आणि बँक यांच्यासाठी, ऑडिटनंतर बँक काढणे. मामांनी ते वाचलं आणि 'काढणे' खोडून 'बघणे' केलं.